ताईनं मला खरं का सांगितलं नाही

माझ्या सख्ख्या बहिणीशी मी तीन वर्षं बोललो नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

शैलाताई नगरला इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. लग्न केलं नाही. सावेडीत फ्लॅट घेऊन एकटी राहायची. तिचा रिसर्च मोबाईलच्या सुरक्षिततेवर होता. घरातलीच माणसं बाईच्या मोबाईलवर नजर कशी ठेवतात, ते ती शोधायची. गावोगावी जाऊन बायकांशी बोलायची. बोलण्याआधी सगळ्यांचे मोबाईल पलीकडच्या खोलीत ठेवायला लावायची.

आम्ही हसायचो. "ताई, एवढं कोण ऐकतंय?"

ती नाही हसायची.

एकदा भर दुपारी आमच्या गावी, बेलापूरला, माझ्या कृषी सेवा केंद्रात एक माणूस आला. दुकानात गिऱ्हाईक होतं. सगळ्यांसमोर ओरडायला लागला.

"तुमच्या बहिनीनं माझं घर मोडलं! बायकोच्या मोबाईलमधी काय केलं, इचारा तिला. बायको निघून गेली माझी!"

मी तिथूनच ताईला फोन लावला.

"ताई, हे खरं आहे का?"

"मला यावर बोलता येणार नाही, संजू."

"अगं, मी भाऊ आहे तुझा!"

"म्हणूनच नाही सांगत. तुला कळलं, तर उद्या त्या माणसासमोर तुला खोटं बोलावं लागेल. तुला ते जमत नाही."

मी फोन कट केला.

गावात तिचं नाव पडलं, घरं मोडणारी मास्तरीण. मी एकदाही कुणाला अडवलं नाही. पुढच्या भाऊबीजेला मी तिला बोलावलं नाही. ती पण आली नाही.

मग एका सकाळी कॉलेजातून फोन आला. वर्गात शिकवताना कोसळली. हार्ट अटॅक.

दहावा पुणतांब्याला केला, गोदावरीच्या घाटावर. लोक पांगल्यावर एक बाई जवळ आली. सोबत शाळकरी मुलगी.

"तुमी भाऊ ना ताईंचे?"

"हो."

"आमच्या मालकांनी माझ्या मोबाईलमधी कायतरी टाकलं हुतं. मी कुठं जाते, कुनाशी बोलते, सगळं त्यांना दिसायचं. मग लई मारायचे. ताईंनी ते शोधलं. मी म्हनले, आत्ता काढा. तर म्हनल्या, आज काढलं तर त्याला लगेच कळंल. आधी तू पोरीला घेऊन सुरक्षित जागी जा, मग काढू."

मला दुकानात ओरडणारा तो माणूस आठवला.

"मी म्हनले त्यांना, घरच्यांना तरी खरं सांगा. तर म्हनल्या, तुझा माग लागंल असं मी कुनालाच सांगनार न्हाई."

ती बाई आज कामाला जाते. मुलगी शाळेत आहे. तिला विचारूनच हे लिहितोय. नाव, गाव विचारू नका, सांगणार नाही.

नंतर फ्लॅट रिकामा करायला मी एकटाच गेलो. कुलूप काढत होतो, तर शेजारच्या काकूंनी दार उघडलं.

"तुम्ही संजू का? तुमचं फार सांगायच्या. मी विचारायचे, भाऊ येत कसा नाही हो? तर म्हणायच्या, त्याला दुकानामुळे वेळच मिळत नाही."

मला वेळ होता गं ताई.

रोज होता.

माफ कर मला. सुखात राहा, जिथे असशील तिथे.

तुझा संजू