आबांची तहकूब सभा

ग्रामपंचायतीत कामं साचतात तसे किस्सेही साचतात. फरक इतकाच, की काम पुढच्या बैठकीत ढकलता येतं, किस्सा ढकलता येत नाही. तो त्याच संध्याकाळी गावभर झालेला असतो! मी दहावी शिकलेली, बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली साधी सदस्य. पण दोन-चार मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सुमनताई, पंचायतीतलं सांगा की काही." मग सांगते.

आमचं गाव ताडकळसजवळ. माझा वॉर्ड म्हणजे मागची गल्ली. टाकीचं पाणी आधी वेशीकडं, म्हणजे सरपंचांच्या घराकडं सुटतं, मग मधल्या आळीत, आणि उरलं तर आमच्याकडं. लाईट गेली की टाकी अर्धीच भरते, आणि त्या दिवशी मागच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसतो. माझ्या शेजारच्या रुक्मिणकाकू गुडघे धरून धरून शेतातल्या बोअरवरून कळशी आणतात. निवडणुकीत मी त्यांना एकच शब्द दिला होता: "काकू, पाणी दारात आणते."

*

पहिल्याच मासिक बैठकीला आम्ही तिघी बायका नवऱ्यांसोबत गेलो. नवरे खुर्च्यांवर बसले, आम्ही भिंतीला टेकून उभ्या!

ग्रामसेवक साहेब फार मऊ बोलणारे. आता त्यांच्या पदाचं नाव बदललंय म्हणतात, आम्ही जुनंच चालवतो. ते म्हणाले, "सदस्यांनी बसून घ्यावं. बाकीच्यांनी बाहेर थांबावं."

आमचे हे म्हणाले, "साहेब, मी तिचा मालक हाय."

"असाल. पण सदस्य त्या आहेत."

"मग मी कोण?"

"आपण ग्रामस्थ," साहेब हसून म्हणाले. "ग्रामसभेला अवश्य या!"

तिन्ही नवरे बैठक संपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसले. घरी जाताना हे मला म्हणाले, "काय काय झालं आत, सांग की जरा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला असं विचारलं!

*

आमचे सरपंच आबा. माणूस वाईट नाही. कुणाच्याही मयतीला पहिले हजर, कुणाच्याही लग्नात शेवटपर्यंत वाढायला. फक्त गाव म्हणजे आपलं घर आणि आपण घरातले थोरले, असा त्यांचा पक्का समज. सगळा कारभार फोनवर.

पाण्याचा विषय मी बैठकीत पहिल्यांदा काढला, तेव्हा आबा म्हणाले, "ताई, वॉल्व्ह कुठला कवा सोडायचा, ह्यो कारभाराचा भाग हाय. त्यात सदस्यांचं काम न्हाई."

"मग कुणाचं काम हाय?"

"माझं. मी सरपंच."

"कुणाचे सरपंच?"

"अख्ख्या गावाचा!"

"मग आबा, मागची गल्ली कोणच्या गावात येती?"

आबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा पिऊन टाकला. विषय पुढच्या बैठकीत गेला.

*

आबांनी पंचायतीवर भोंगा बसवला. सूचना द्यायला. पण सूचना दोन मिनिटांची, आणि पुढं आबांचं भाषण! रोज पहाटे, झुंजूमुंजू व्हायच्या आत. स्वच्छता, व्यसनमुक्ती, आणि शेवटी आबांनी गावासाठी काय काय केलं ते.

ग्रामसभेत एक शेतकरी उठले. म्हणाले, "आबा, तुमचं सुरू झालं की माझी म्हैस पान्हा चोरायलीय. अर्ध्या चरवीवर आलंय दूध."

सगळी सभा हसायला लागली. आबा चिडले. "आता म्हशीला इचारून कारभार करायचा का?"

"म्हशीला नका इचारू. तिला मत न्हाई. पण मालकाला हाय!"

दुसऱ्या दिवसापासून भोंगा धारा काढून झाल्यावर वाजायला लागला. भाषणही आटोपशीर झालं.

*

ग्रामसेवक साहेबांनी कुणाला 'नाही' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आबांना स्वतःच्या अंगणापर्यंत पेव्हर ब्लॉक हवे होते.

साहेब म्हणाले, "बसू या. बघू या. नियम वाचू या."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बसले, बघितलं, नियम वाचला, आणि सही न करताच पेन खिशाला लावलं. दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलत नाही, त्यामुळं आबांचा नाइलाज.

शेवटी आबा कावले. "साहेब, एकदा तोंडानं न्हाई तरी म्हणा! म्हंजी मला भांडता तरी यील."

"मी कशाला नाही म्हणू, आबा? कायदा म्हणतो. मी नुसता वाचून दाखवतो!"

*

मधे उपसरपंचांच्या मनात आलं, की आता आपण सरपंच व्हावं. अविश्वास ठरावाची कुजबुज सुरू झाली. आबांनी तातडीनं जीप मागवली आणि आम्हा सदस्यांना घेऊन थेट पाथरी गाठली. दर्शन झालं, पोटभर जेवण झालं, बायकांना बांगड्या झाल्या. जीपमध्ये मी पाण्याचं काढलं, तर आबा हात जोडून म्हणाले, "ताई, आज सहल हाय. आज तरी सोडा!"

आमच्यातल्या कांताबाईंनी लग्नानंतर तालुका सोडून काही पाहिलं नव्हतं. त्या दिवसभर खिडकी सोडून हलल्या नाहीत.

परत आलो तर पारावर उपसरपंच उभे. तोंड पडलेलं. "गेलात व्हय आबाच्या जीपमधी? झालं मग. मिटलं सगळं."

कांताबाई लगबगीनं पुढं झाल्या. "मिटलं कसं? तुमी न्हाई का नेणार? पाथरी झाली, गंगाखेड ऱ्हायलंय की!"

*

आता रुक्मिणकाकूंचं सांगते.

आबांची एक खोड होती. ग्रामसभा ठेवायची ती नेमकी ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी. गाव बाजारात. आबा घड्याळ बघायचे आणि जाहीर करायचे, "शंभर माणसांचा कोरम न्हाई. सभा तहकूब." पुढच्या आठवड्यात त्याच वारी तहकूब सभा, तिथं आबा आणि त्यांची चार माणसं. चहा व्हायचा, ठराव व्हायचे.

त्या खेपेला विषयपत्रिकेवर पाणीपुरवठ्याचा आढावा होता. म्हणून काकू बाजार सोडून, गुडघे धरत आल्या. आबांनी घड्याळ बघितलं आणि सभा तहकूब केली.

काकूंचा चेहरा उतरला. "आबा, पुढल्या टायमाला एवढी शंभर माणसं मी कुठून आणू?"

आबांना दया आली. खरंच आली, मी बघितलं. ते म्हणाले, "आणूच नका, काकू. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. जेवढे येतील तेवढ्यांची सभा."

"जेवढे येतील तेवढ्यांची?"

"तेवढ्यांचीच."

काकूंनी ग्रामसेवक साहेबांकडं बघितलं. साहेबांनी नियम वाचला. "बरोबर आहे. नवा विषय घेता येत नाही, एवढंच. पत्रिकेवरचेच घ्यायचे."

पुढच्या आठवड्यात आबांची चारही माणसं निर्धास्त बाजाराला गेली. आबा फोन कानाला लावून पंचायतीत आले आणि दारातच थबकले. मागच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आत बसलेल्या. लेकरं कडेवर, पदर खोचलेले. पाय ठेवायला जागा नाही!

"आज काय हाय?" आबांनी विचारलं.

"ग्रामसभा हाय, आबा. तुमीच बोलावलीय!"

मी ठराव मांडला, की पाणी एक दिवस वेशीकडून सुटावं आणि एक दिवस मागच्या गल्लीकडून. बायका खवळल्या. "एक दिवसाआड कशामुळं? आता कायम मागूनच सोडा! बघू द्या त्यांला बी!"

काकूंनी सगळ्यांना गप्प केलं. "असं न्हाई करायचं, बाई. मग आपल्यात अन् आबात फरक काय ऱ्हायला?"

हात वर झाले. आबा हात बघत बघत कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं त्यांच्याच सौभाग्यवती, पद्मिनवहिनी हात वर करून बसलेल्या!

"तू कवा आलीस? अगं, आपल्याच नळाला पाणी उशिरा यील!"

"घरचं घरी बोलू," वहिनी म्हणाल्या. "आधी हात मोजा."

आबांनी मोजले. साहेबांनी ठराव लिहिला. आबांनी सही केली.

पहिलीच पाळी मागच्या गल्लीची. सकाळी आबांनी पाणी सोडणाऱ्या किसनमामांना फोन लावला. "मामा, थोडं इकडून सोड की आधी."

"आबा, ठरावावर सही तुमचीच हाय. आता तुमचं कोणचं ऐकू? कालचं का आजचं?"

आणि नेमकी त्याच सकाळी लाईट गेली. टाकी अर्धीच भरली. आमच्या गल्लीत नळाला अशी धार आली, की लेकरं नुसती ओंजळी भरत पळायला लागली. काकूंनी रांजण भरला, हंडे भरले. वेशीकडं मात्र ठणठणाट.

काकूंनी मला हाक मारली. "सुमन, चल जरा माझ्यासंगं." एक कळशी भरून त्यांनी माझ्या कमरेवर दिली. आम्ही हळूहळू वेशीकडं निघालो.

आबा ओट्यावर बसलेले. तोंडात ब्रश, हातात रिकामा तांब्या.

"काकू? हे काय?"

"चहापुरतं हाय. घ्या."

आबांनी घाईघाईनं ब्रश काढला, तोंड पुसलं आणि दोन्ही हातांनी कळशी घेतली. मग ओशाळून हसले आणि म्हणाले, "काकू, परवा पुन्हा तुमचीच पाळी. परवा बी लाईट गेली तर आणाल का?"

काकू वळून चालायला लागल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या,

"तेवढं ग्रामसभेत मांडा, आबा. लोक काय म्हणतेत बघू."