तोलून वाढलेलं ताट

दाभोळच्या बंदरात पडाव हलला तेव्हा आई काठावर उभी होती. मुंबईची बोट खोल पाण्यात थांबली होती आणि आम्हा नव्या जोडप्याला तिथवर न्यायला हा पडाव, म्हणजे मोठी होडी. आईनं पदरानं नाक पुसत एवढंच सांगितलं, "वाढताना हात आखडू नकोस हो." सुमन, तू धाकटी, तिच्या शेजारी उभी होतीस. लग्नाआधी मुलाकडच्यांनी आपल्या आबांना सांगितलं होतं की मुलाला थोडं पथ्य असतं. पथ्य म्हणजे वांगं नको, चिंच नको, एवढंच आपण समजलो.

अंबरनाथच्या खोलीत पहिल्याच सकाळी ह्यांनी स्टोव्हवर एका भांड्यात काचेची पिचकारी आणि सुई उकळत ठेवली. मग धोतर सारून मांडीत सुई टोचली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डायबिटीस आहे. रोज घ्यावी लागते. घाबरू नकोस."

त्या सकाळी जी घाबरले ती पुढे बराच काळ घाबरलेलीच राहिले.

मुंबईच्या डॉक्टरांनी ह्यांचं जेवण आखून दिलं होतं. भात, भाकरी, बटाटा हे कार्बोहायड्रेट. डाळ, दूध, ताक हे प्रोटीन. तूप, तेल, खोबरं म्हणजे फॅट. हे शब्द ह्यांनीच मला शिकवले. भात जास्त झाला तर रक्तात साखर चढणार, आणि सुई घेऊन भात कमी पडला किंवा उशिरा मिळाला तर साखर उतरून माणूस बसल्या जागी कोसळणार. आई ओंजळीनं तांदूळ घ्यायची आणि कधी चुकायची नाही. मला आता माझ्याच हातांची भीती वाटायला लागली.

तोलायला काटा हवा म्हणून उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. म्हातारे सिंधी दुकानदार होते. त्यांनी विचारलं, "सोना तोलना है, बेटी?" मी म्हटलं, "नहीं, चावल." ते हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. "मेरी माँ तो आँख से तोलती थी," म्हणाले, "हम जहाज़ से आए, वो सब उधर सिंध में रह गया." समुद्र ओलांडून आलेली मी एकटीच नाही, हे मला त्या दुकानात कळलं.

तरी भीती गेली नाही. रेशनवर कधी तांदळाऐवजी मिलो, तो परदेशी लाल जोंधळा, यायचा. एवढ्या भाताच्या जागी मिलोची भाकरी केवढी, हे मी कुणाला विचारणार? सुईच्या औषधाची बाटली गार राहावी म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असायची. ती फुटली तर, या विचारानं मी माठाजवळून जपून जायचे. आणि हे सगळं गुपित होतं. वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण कुसुम, लग्नाच्या होत्या. दुखणं घराण्यातलं ठरलं असतं तर स्थळं फिरली असती.

अशात बदलापूरला, मांजर्लीत, मामींकडे मुंज निघाली. मामी म्हणजे ह्यांच्या मामांच्या पत्नी. सोवळ्याओवळ्याच्या फार कडक. कुसुमवन्संना बघायला येणारी मंडळीही तिथंच जेवायला होती. सकाळी सुई घेऊन, तोललेली भाकरी खाऊन हे निघाले. दुपारचं जेवण बाराच्या आत पोटात जायला हवं होतं. पण भटजी उशिरा आले. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तरी होम चाललेलाच.

पंगत बसली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांच्याकडेच बघत होते. पानं वाढून झाली होती, नैवेद्य व्हायचा होता. ह्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. शेजारच्यांनी काही विचारलं, तर हे भलतंच बोलले, "गाडी सुटली का?" कुणीतरी हसलं, "भांग घेतलीस काय रे?"

मी डब्यातला गूळ उचलला आणि तशीच पंगतीत शिरले.

"अगं, नैवेद्य व्हायचाय!" मामी मागून ओरडल्या. "आणि तू सोवळ्यात नाहीस."

ह्यांचे दात आवळलेले होते. मी बोटानं गूळ गालाच्या आत सारला. ते माझ्या बोटाला कडकडून चावले, पण मी हात काढला नाही. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत ओळख परत आली. ते गूळ गिळायला लागले तेव्हा मी तिथंच बसले.

"हिला झालंय काय?" मामांनी विचारलं.

"मला नाही, ह्यांना," मी म्हटलं. "ह्यांना डायबिटीस आहे. सुई घेतात. वेळेवर जेवले नाहीत तर जातील."

कुसुमवन्संना बघायला आलेल्यांचा नकार दोन आठवड्यांत आला. हे माझ्याशी बोलेनासे झाले. मी तोलून वाढायचे, ते मान खाली घालून जेवायचे. एकदा वन्संच त्यांना म्हणाल्या, "दादा, वहिनींनी गूळ दिला नसता तर माझं लग्न तुझ्या सुतकात अडकलं असतं." हे हसले. मग माझ्या बोटाकडे बघून म्हणाले, "फार लागलं होतं का गं?" वन्संचं पुढे लग्न झालं, सगळं सांगून, उघडपणे.

मामींचा मला धाक होता. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे मंगळागौरीला जाताना मी वाटभर घाबरले होते. पोचल्यावर त्यांनी ह्यांना सरळ स्वयंपाकघरात बोलावलं, चुलीजवळ पान मांडलं आणि मला म्हणाल्या, "तुझा काटा आणलायस ना? वाढ ह्याला." देवापुढं अजून काही ठेवलेलं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "देवाला मी सांगितलंय."

सुमन, तू विचारतेस, आणि गाव सोडून आलेल्या बायकाही विचारतात, की तुझं घर आता कुठलं. दाभोळ माहेर आहे, ते राहीलच. पण घर म्हटलं की मला ते मांजर्लीचं स्वयंपाकघर दिसतं. तिथं ह्यांनी नैवेद्याआधी, वेळेवर पहिला घास घेतला आणि मी दाराकडे पाठ करून निवांत बसले.