वळणावरचा उखाणा

पंगतीत वाढपी जसे ओरडतात, तशा आवाजात हाका देत आमचे म्होरके डोंगर चढायचे. शहाद्याला त्यांचा केळीचा धंदा होता. पण महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेला आमच्या टोळक्याला तेच न्यायचे. तेव्हा वर मोटार जात नव्हती.

दर वळणावर त्यांचा एकच हुकूम: "नाव घे!" म्हणजे बायकोचं, उखाण्यात, ठणठणीत आवाजात. दम लागून ज्याचा उखाणा अडकेल तो खाली बसायचा, आणि त्याच्यासोबत सगळेच. "जेना उखाणा अडकना, तेना पाय बी अडकस," म्हणायचे. बिनलग्नाच्यांना होणाऱ्या सासूचं नाव घ्यावं लागे. आम्ही तर निम्म्या वेळा हसूनच खाली बसायचो.

एका वर्षी शेवटचं वळण उरलं, तेव्हा आम्ही त्यांनाच धरलं, "आते तुम्ही!" त्यांनी छाती फुगवली. "सातपुडाना घाट, वर थंडगार पानी..." आणि थांबले. ओठ हलले, पण नाव येईना. आम्ही खो खो हसत होतो. ते मात्र तिथेच मांडी घालून बसले.

"हसू नका. डोकं गरगरी ऱ्हायनं. चला माघारे."

"इतलं जवळ येईसन?"

"डोंगर काय पयी ऱ्हायना? पुढल्या वर्षी बी तठेच ऱ्हाई."

उतरताना मध्येच त्यांनी उखाणा पुरा केला, तोही इतक्या जोरात की दरीनं वहिनींचं नाव परत ऐकवलं. आम्ही टोप्या उडवल्या.

घरी बायकोनं विचारलं, "तोरणमाळना वरला तलाव कसा व्हता?" मी दारातच तिच्या नावाचा उखाणा घेतला. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.