गच्चीवरचे अनवाणी पाय

आमच्या घरी बाबांच्या हृदयाचा फार मान आहे. मागे त्यात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त कसं धो धो वाहतंय त्याची फिल्म नाहूरला आमच्याकडे चहाला येणाऱ्या प्रत्येकाला बघावीच लागते. बाबा स्वतःच मोबाइल पुढे करतात. त्यांच्या रक्तातल्या साखरेचा विषय निघाला की मात्र त्यांना पेपर वाचायचा असतो.

मे महिन्यात गावाहून रातांबे येतात आणि बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांच्या सालींची आमसुलं वाळत पडतात. वाळवणापाशी चप्पल न्यायची नाही, हा घरचा जुना नियम. भर दुपारी लादी तापली की मी आणि आई उड्या मारत सावली गाठायचो. बाबा मात्र निवांत एकेक साल उलटत फिरायचे. वर ऐकवायचे, "मेणाचे पाय गो तुमचे." आम्हीही वेड्यासारखं त्यांचं कौतुक करायचो.

या मे महिन्यात आईला मोरीच्या दारात ओले डाग दिसले. पाणी समजून तिने पुसले, तर पुन्हा उमटले. मग बाबांचे तळवे बघितले. दोन्ही टाचांना मोठाले फोड, त्यातला एक फुटलेला. त्यांना पत्ताच नव्हता. दुखत नाही का विचारलं, तर उलट आमच्यावरच वैतागले. मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं.

मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी आधी हृदयाची फिल्म दाखवली. बाईंनी ती शांतपणे पाहिली. मग म्हणाल्या, हृदय नुसतं रक्त ढकलतं. शरीराच्या पदरात ते पडतं केसाहून बारीक केशवाहिन्यांतून, आणि साखरेने पायातल्या नेमक्या त्याच खराब केल्यात. म्हणजे मोठ्या पाइपाला पाणी भरपूर आणि घरचा नळ कोरडा. मज्जातंतूंनाही रक्त तिथूनच मिळतं, त्यामुळे ज्यांनी बोंब मारायची तेच उपाशी. जखम चिघळली तर पाय गमवावा लागेल, हेही त्यांनी सांगितलं. बाबा पंख्याकडे बघत होते.

मग बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. एक बारीक तार तळव्यांना ठिकठिकाणी टेकवणार, जाणवली की हो म्हणायचं. बाबांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. तार अंगठ्याला टेकून वाकली, मग करंगळीला, मग दुसऱ्या पायाला. बाई तार ठेवून हात धुवायला उठल्या.

बाबा डोळे घट्ट मिटूनच म्हणाले, "करा ना सुरू, डॉक्टर. मी तयार आहे."