वेंगुर्ल्याच्या हॉटेलाला चढवलेलं कोकण

वेंगुर्ल्याला जायचं ठरलं ते आमच्या दिघेबाईंमुळे. साठच्या दशकातली गोष्ट. मी कलाशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, मुंबईत त्यांच्या हाताखाली अंतर्गत सजावटीचे नकाशे काढत होते. इंग्रजांच्या काळातलं एक हॉटेल ‘कोकणी संस्कृतीचा मान राखून’ आतून नव्याने सजवायचं काम बाईंना मिळालं. त्यांनी तोवर कोकण पाहिलं होतं ते फक्त आंब्याच्या पेटीवर.

भाऊच्या धक्क्यावरून बोट. डेकवर चटई पसरली की जागा आपली. वेंगुर्ल्याला बोट खोल पाण्यात थांबायची, पुढे होडी. होडीत बाई छत्री उघडून बसल्या.

हॉटेल मात्र देखणं होतं. सागवानी छत, रुंद व्हरांडा. बाईंनी त्या छताला मासेमारीची जाळी टांगली आणि स्वयंपाकीण शेवंताबाईंना बजावलं, “बांगड्याचा वास जेवणघरात नको.” कोकणचा मान राखत आम्ही टोस्ट खाल्ले. मी मागच्या दाराने जाऊन बांगड्याचं सार-भात जेवले. साऱ्या प्रवासात तेवढंच खरं जेवण.

मग भिंतींसाठी चित्रं शोधत पिंगुळी. आता रेल्वेने कुडाळला उतरलं की जवळच, तेव्हा एस.टी. आणि पुढे धुळीतून पायपीट. तिथल्या चित्रकथी आजोबांनी पोथी उघडली आणि एकेक चित्र समोर धरत रामायण गायला लागले. बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

“गाणं राहू दे. चित्रं सुटी करून द्या. प्रत्येक खोलीत एक लावायचंय.”

“राम एका खोलीत नि सीता दुसऱ्यात?” आजोबा म्हणाले. “वनवास कमी पडलो काय?”

त्यांनी पोथी बांधून ठेवली.

“अडाणी माणसं,” बाई बाहेर येऊन म्हणाल्या. “तू पाहिलीस ना चित्रं? तूच काढ.”

मी काढली. आठवतील तशी.

उद्घाटनाला पाहुण्यांनी वाहवा केली. ‘खरा कलाकार’ दाखवायला बाईंनी आजोबांनाही बोलावलं होतं. ते खोल्याखोल्यांतून फिरले आणि एका चित्रापाशी थांबले.

“ह्यो मारुती. खंय चललो हा?”

तो लंकेला निघालाय की द्रोणागिरीला, हे न ठरवताच मी तो काढला होता.

“हात बरो आसा गो तुझो. कथा शिकान घे. ये माझ्याकडे.”

ते न जेवताच गेले.

मुंबईत परतल्यावर बाईंना आणखी दोन हॉटेलं मिळाली, मला बढती. पिंगुळीला जाईन जाईन म्हणत चार वर्षं गेली. गेले तेव्हा आजोबा हयात नव्हते. बाईंना मी आजवर भरपूर नावं ठेवली. पण ती चित्रं माझ्या हातची होती, आणि आजोबांनी बोलावलं होतं मला.