जाईच्या टॅबवर 'नको' नव्हतं

"ऑटिझम आहे," नारायणगावच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे स्वमग्नता. मूल आपल्याच जगात रमतं, बोलणं उशिरा येतं किंवा येतच नाही. माझी जाई तेव्हा चार वर्षांची. खिडकीतल्या उन्हात बोटं हलवत बसली होती. पुढचं मला ऐकूच आलं नाही, ती उन्हातली बोटं तेवढी दिसत राहिली.

आमचं घर पिंपरी पेंढारला, उसाला लागून. जाई बघता बघता उसात पळायची, आणि उसात बिबट्या! म्हणून मी तिच्या पायात घुंगरांचे पैंजण घातले. छुमछुम ऐकू आली की माझा जीव भांड्यात पडायचा. ती मात्र दिवसभर किंचाळायची. सगळे म्हणायचे, आजारच तसा हाय. मीही तेच धरून चालले.

सहाव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी टॅब दिला. ह्याला एएसी म्हणतात. मूल चित्र दाबतं, त्याच्यासाठी टॅब बोलतो. आवाज घरचा भरायचा. मी हौसेनं माझा भरला: पाणी, भाकर, आई, राम राम पावणं. दोन महिने जाईनं बोट लावलं नाही.

बाईंनी टॅब बघितला. "ताई, ह्यात 'नको' कुठाय? पोरीनं नुसतं व्हय व्हयच म्हणायचं का?"

खरंच की! आमच्यात पोरींनी नको म्हणायचं नसतं, म्हणून मला सुचलंच नाही. लई लाज वाटली. त्याच दिवशी भरलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर पैंजण हातात घेतले. जाईनं टॅब ओढला. माझाच आवाज मला म्हणाला, नको. तिनं पाय आखडून घेतला. नको. नको.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, काही मुलांना असा बारीक आवाजही सोसत नाही, त्याला सेन्सरी त्रास म्हणतात. म्हणजे दोन वर्षं पोर पायातल्या आवाजापासून पळत होती, आणि तो मीच बांधलेला! मी रडले.

"पण बिबट्या?" मी ह्यांना म्हणाले.

"नको घालू गं," हे म्हणाले. "आपुन डोळ्यांनी राखू तिला."

बायांनो, तुमच्या घरी असं लेकरू असेल तर सगळ्यात आधी 'नको' भरा.

आता घर कसं पाण्याखाली गेल्यासारखं शांत असतं. जाई किंचाळत नाही. माझेच कान छुमछुम शोधतात. काल भाकरी थापताना ती दिसेना. उठणार तोच ओसरीवरून माझाच आवाज आला, "आई."

पिठाच्या हातानंच मी ओ दिली.