गोदूच्या टबातला पिवळा मासा

सोमा वाईट पोरगा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तोंडाचा फाटका, पायाला भिंगरी, पण आपल्या माणसासाठी कुणाच्याही अंगावर जाईल असा. नववीत एक मास्तर त्याच्या आईवरून काहीतरी बोलला. सोमाने दप्तर मास्तरच्या टेबलावर आपटलं आणि वर्गातून निघाला, तो परत शाळेत गेलाच नाही. मग अंबरनाथच्या मोरिवलीला एका कंपनीत प्लास्टिकच्या मशीनवर लागला. ड्युटी सुटली की घरी नाही, आधी दिनानाथकाकांकडे.

काका अंबरनाथलाच राहायचे. फॅक्टरीतले रिटायर ऑफिसर, बायको वारलेली. हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी आणि तिच्यात आफ्रिकेतल्या कुठल्याशा तलावातले मासे. सिक्लिड. सत्त्याण्णवच्या आसपासची गोष्ट, आपल्या बाजूला असले मासे कुणी बघितलेले नव्हते. सोमा पहिल्यांदा गेला तो टाकीचा पंप बघायला, आणि तिथेच चिकटला. काका ज्या कपात स्वतः चहा प्यायचे त्याच जोडातला कप त्याच्या हातात द्यायचे. वस्तीतल्या पोराला ऑफिसरच्या घरात असा कप मिळत नाही, हे सोमाला ठाऊक होतं. झालं. काकांसाठी जीव हजर.

काकांकडे माशांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. सोमाला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण चित्रं तोंडपाठ. कुणी आलं की हा सुरू व्हायचा. "हा झेब्रा. तो व्हीनस. आणि हे पट्टेवाले ऑरेटस. पिवळी ती मादी, काळा तो नर. सिंपल आहे."

वस्तीत पोरं त्याला मासेमास्तर म्हणायची. वरवर शिव्या द्यायचा, आतून सुखावायचा.

गोदू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांची घरं बुद्धविहाराच्या मागच्या एकाच गल्लीत. गोदू उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात मासे विकायचा. लछूशेठ नावाच्या सिंध्याचं कटपीसचं दुकान होतं, त्याच्या छज्ज्याखाली टब मांडून बसायचा. गोल्डफिश, गप्पी, कधी मुंबईहून आणलेली आफ्रिकन पिल्लं. शेठने जागा फुकट दिलेली, पोरगा सरळ आहे म्हणून.

मे महिन्यात काका लेकीकडे नाशिकला गेले. चावी सोमाकडे. ते निघायच्या थोडंसं आधीच टाकीतला दांडगा काळा ऑरेटस मेला होता. उरलेल्या सगळ्या पिवळ्या. त्यात एक अंगाने भरलेली, काकांची लाडकी. "हिला सांभाळ रे," एवढंच बोलून काका रिक्षात बसले.

नेमकं तेव्हाच वांगणीला सोमाच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. भाऊ म्हणून मांडवापासून पाठवणीपर्यंत राबायला हवंच. त्याने चावी गोदूला दिली आणि गेला.

परत येऊन गोदूच्या घरून चावी घेतली आणि टाकीपुढे उभा राहिला, तर मोठी पिवळी गायब. आणि दगडाच्या कपारीत एक काळा नर मिशीला पीळ दिल्यासारखा फिरतोय.

सोमाने टाकीत हात घालून दगड उचलले, मागे बघितलं, खाली बघितलं. पिवळी नाहीच. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. गोदूने चांगला माल उचलला आणि आपला टाकाऊ काळा टाकला. घरात शिरायला चावी लागते, चावी त्याच्याकडे होती. अजून काय पाहिजे?

उल्हासनगरला पोचला तेव्हा बाजार भरलेला. गोदू एका बाईला पिशवीत गप्पी बांधून देत होता.

"काकांची पिवळी कुठंय?" सोमा ओरडला.

"आलास? बरं झालं. अरे, तुला सांगायचंच होतं, ती काळी पडायला लागली. माझ्यासमोर. रोज थोडी थोडी."

"काळी पडायला लागली! मासा आहे का सरडा?"

आजूबाजूचे हसले. त्या हसण्याने सोमाला अजून चेव आला.

"आईची शप्पथ सोम्या, मी..."

"आईला मधे आणू नको. चोर साला! घर उघडं दिलं तर ऑफिसरच्या टाकीत हात मारतोस? वस्तीचं नाव घालवलंस." मग वाकून त्याने एका टबात बोट दाखवलं. पट्टेवाली, पिवळी, अंगाने भरलेली. "हीच ती! मला शिकवतो? मी अंधारात ओळखीन हिला!"

"ती माझी आहे. परवाच आणलीय."

सोमाने जाळी घेतली, मासा पिशवीत ओतला आणि चालता झाला. गोदू मागे आला नाही. दुकानाच्या पायरीवर लछूशेठ कमरेवर हात ठेवून सगळं बघत उभा होता.

पिवळीला टाकीत सोडून सोमा समाधानाने घरी गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर ती पाण्यावर तरंगत होती, शेपटी कुरतडलेली. काळा तसाच कपारीत, राजासारखा.

संध्याकाळी काका आले. चपलासुद्धा न काढता टाकीकडे गेले आणि टाळी वाजवली. "अरे वा! नर झाला की हा!"

"कोण?" सोमाने विचारलं.

"आपली मोठी! म्हणजे मोठा. ऑरेटसमध्ये असंच असतं. दांडगा नर जिवंत असेपर्यंत बाकीचे नर पिवळेच राहतात, मादीसारखे. म्हणजे त्याचा मार चुकतो. तो मेला, हा काळा झाला. मीपण मादीच समजत होतो." मग त्यांची नजर मेलेल्या मासळीवर गेली. "ही कुठली रे?"

सोमाने सांगितलं. काहीच लपवलं नाही. काका सोफ्यावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्यासाठी केलंस हे?" आणि सोमाला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

तो तसाच तीन नंबरला पळाला. छज्ज्याखाली टब नव्हते. चपला विकणारा एक माणूस बसला होता.

"शेठ, गोदू चोर नाही. मीच चुकलो. मासा रंग बदलतो," सोमा भर दुकानात गिऱ्हाइकांपुढे बोलला.

लछूशेठ कापड मापत होता. "बेटा, तू कल भी इतनाही जोर से बोला था. गिऱ्हाईक पूछने लगे मेरेको. अब जगह दे दी दूसरे को. जबान दे दी."

सोमाने हात जोडले. शेठने मान हलवली आणि कात्री उचलली.

गोदू आता बदलापूरला, मांजर्लीच्या रस्त्याला बसतो. वर छप्पर नाही, जवळ नळ नाही. सोमा पहिल्यांदा गेला तेव्हा "जयभीम" म्हणाला. गोदूने "जयभीम" केलं, टबातून नजर न उचलता. माफीचं बोलणं काढलं तर म्हणाला, "गिऱ्हाइकाचा टाइम आहे. सरक."

सोमा सरकला. समोरच्या चाळीतून कॅन भरून आणला आणि टबांशेजारी ठेवला. तेव्हापासून सुट्टी असली की येतो, कॅन आणतो, बाजूला उभा राहतो. कुणी माशाचं नाव विचारलं तरी तोंड उघडत नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हा तुमचा भाऊ का?"

"नाही," गोदू पिशवीला रबर लावत म्हणाला. "पाणी आणतो."